सदतीस वेळा तीच गल्ली

ज्या वर्षी थोरल्या मुलीचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षाची ही गोष्ट. मोडायला कारण झाला तो फोन. मुलाचे वडील बोलत असताना मधेच आवाज गेला. त्यांना वाटलं, मुलीच्या बापाने फोन आपटला. मुलीच्या बापाला वाटलं, त्यांनी आपटला. दोन्ही घरं मानी. आठ दिवस कोणी कोणाला फोन केला नाही. नवव्या दिवशी मुलगा स्वतः दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्या घरात रेंज नाही, एवढंच झालंय. लग्न मी करणार आहे." मुलीची आई हसायला लागली आणि गाडी पुन्हा रुळावर आली.

मुलीचा बाप ड्रायव्हर होता, आणि नोकरी कसली, तर रेंज मोजायच्या गाडीवर. व्याही त्यावरून पुढे वर्षभर त्याची चेष्टा करत होते. "शहरभर मोजत फिरता, स्वतःच्या घरात मोजलं नाही का कधी?" म्हणायचे.

त्याला सगळे चाळीस म्हणत. गाडीचा काटा चाळिसाच्या पुढे त्याने कधी जाऊ दिला नाही, म्हणून चाळीस. रस्ता मोकळा असो, मागून भोंगे वाजोत, कोणी शिव्या घालोत, हा आपला चाळीस. मोजणीच्या गाडीला असाच माणूस लागतो, म्हणून त्याला ती नोकरी मिळाली होती.

आता तसली गाडी दिसत नाही. आता म्हणे प्रत्येकाच्या खिशातला फोनच गुपचूप मोजून कळवतो. तेव्हा मात्र कुठल्या कंपनीचा फोन जास्त लागतो, कुठल्या कंपनीचा कट होतो, हे कळायला माणसाला गाडी घेऊन रस्तोरस्ती फिरावं लागे. पांढरी गाडी, टपावर प्रवासाच्या बॅगेएवढी पेटी, पेटीत चार फोन. चारही एकाच बनावटीचे, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले. वेगळं होतं ते सिम. चार कंपन्यांची चार सिम, आणि ओळखायला पाठीवर चार रंगांच्या टिकल्या: लाल, पिवळी, हिरवी, निळी. कंपन्यांची नावं गाडीत कोणी घेत नसे. नावं घेतली की मनात डावंउजवं होतं, असं बाईंचं म्हणणं.

बाई म्हणजे मोजणीच्या इंजिनिअर. वयाने चाळीसच्या मुलीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठ्या. त्याला त्या मामा म्हणत. अंगाने किरकोळ, पण मोजणीच्या बाबतीत सासूपेक्षा कडक. सिम कंपनीकडून घ्यायचं नाही, कारण कंपनी खास सिम देईल. कोपऱ्यावरच्या साध्या दुकानातून, साध्या गिऱ्हाइकासारखं घ्यायचं. पेटीत चार खण होते. कडेच्या खणातल्या फोनला वारा लागतो, मधला तापतो, म्हणून रोज सकाळी फोन एकेक घर पुढे सरकवायचे. चारही फोन एकाच क्षणी कॉल लावणार, एकाच क्षणी तीच फाइल उतरवणार. आणि कुठल्या मोठ्या रस्त्यांवर जायचं ते बंद पाकिटात. पाकीट सकाळी गाडीत बसल्यावर फोडायचं. आदल्या दिवशी कोणाला कळलं, तर कंपनीची माणसं रात्रीतून त्या रस्त्यावरचे टॉवर पाहुण्यांसाठी घर आवरावं तसे आवरून ठेवतील.

"चार मुलांना एकसारखं ताट वाढायचं, मामा," बाई म्हणत. "कोणाच्या ताटात जास्त पडलं, तर खाणाऱ्याचा दोष नाही. वाढणाऱ्याचा."

"आमच्या आईने कधी एकसारखं वाढलं नाही," चाळीस म्हणे. "दादाला कायम जास्त."

"आणि तुम्ही ऐकून घेत होता?"

"तो माझ्या पानात टाकायचा अर्धं."

दादाचा विषय त्याच्या तोंडून कधीतरी असा निसटायचा आणि तिथेच संपायचा.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. त्याच शहरात राहायचा, गाडीने वीस मिनिटांवर. बारा वर्षं दोघं बोलत नव्हते.

दादाचा मालाचा ट्रक होता. चाळीसला गाडी शिकवली ती दादानेच, त्याच ट्रकवर. क्लच सोडताना पाय कापायला लागला की दादा मांडीवर चापट मारायचा. बारा वर्षांपूर्वी एका धुक्याच्या सकाळी चाळीस चालवत होता, दादा शेजारी पेंगत होता. समोर म्हैस की माणूस, काहीतरी आलं. ट्रक खड्ड्यात गेला. चाळीसला खरचटलंही नाही. दादाचा उजवा गुडघा पार निकामी झाला, पुढे काठी आली. इस्पितळात आठ माणसं भेटायला जमली होती. त्या सगळ्यांदेखत दादा म्हणाला, "ह्याच्या हातात गाडी दिली, चूक माझीच." माणूस दुखण्यात काय बोलतो त्याला काही अर्थ नसतो. पण चाळीस खोलीतून बाहेर पडला तो पुन्हा भावाच्या दारात गेला नाही. भावानेही बोलावलं नाही. दोघांच्या बायका मात्र दर आठवड्याला बाजारात भेटत आणि कोणाच्या घरात काय चाललंय ते एकमेकींना सांगत. दोन्ही पुरुषांना ते ठाऊक होतं. दोघंही ठाऊक नसल्यासारखं दाखवत.

थोरल्या मुलीने लग्न पुन्हा ठरल्यावर एकच मागितलं होतं. "काका लग्नाला आले पाहिजेत," म्हणाली. चाळीस म्हणाला, "पत्रिका पाठवू." मुलगी म्हणाली, "पत्रिका तर विमेवालेही पाठवतात, बाबा."

त्या वर्षीची मोजणी मोठी होती. एक्केचाळीस दिवस अख्खं शहर मोजायचं आणि चार कंपन्यांत पहिली कोण, दुसरी कोण, ते जाहीर करायचं. निकाल वर्तमानपत्रात छापून येणार होता. बाईंची ही पहिलीच मोठी मोजणी, त्यांच्या एकटीच्या सहीची. मोजणीच्या कचेरीत आजवर बाईमाणसाने कधी सही केली नव्हती. मोजणी चुकली, तर पुन्हा कोणी करू देणार नव्हतं, हे चाळीसलाही समजत होतं.

बाईंनी सगळं बांधून ठेवलं होतं. एकच गाठ सुटी राहिली. पाकिटात मोठे रस्ते लिहिलेले असत. एका मोठ्या रस्त्यावरून दुसऱ्यावर कुठल्या गल्लीतून जायचं, ते मात्र ड्रायव्हरवर सोडलं होतं. शहर त्याच्या पायाखालचं, त्याला काय शिकवायचं, असा विचार. यंत्र आपोआप चालायचं. दर सेकंदाला प्रत्येक फोनची एक नोंद करायचं. बाई दहा दिवसांतून एकदा मागच्या सीटवर बसून तपासणी करत, बाकीचे दिवस चाळीस एकटाच.

निकाल लागला. लाल पहिली, पिवळी अर्ध्या टक्क्याने दुसरी, मग हिरवी, मग निळी. कायद्याप्रमाणे चारही कंपन्यांना मोजणीचे सगळे आकडे आणि नकाशा पाठवला, आणि चौथ्या दिवशी पिवळीचं तक्रारीचं पत्र आलं.

बाईंनी चाळीसला टेबलाशी बोलावलं. शहराचा मोठा नकाशा पसरला होता. गाडी जिथून जिथून गेली तिथे बारीक ठिपके. सगळीकडे ठिपके मोहरीच्या दाण्यांसारखे एकेक, सुटे. एकाच ठिकाणी, तीनशे मीटरच्या एका गल्लीत, शाई सांडावी तसा काळा डाग.

"मामा, ही गल्ली. एक्केचाळीस दिवसांत सदतीस वेळा. आणि दर वेळी चार-चार मिनिटं. तीनशे मीटरला चार मिनिटं म्हणजे साधा चालणारा माणूसही पुढे निघून जाईल. इथे गाडी एवढी हळू का होते?"

चाळीसने नकाशाकडे पाहिलं. त्या काळ्या डागात भावाची इमारत कुठे, तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी कुठे, ते त्याला दिसत होतं. त्याच्या तोंडून निघालं, "शाळा आहे तिथे, बाई. पोरं मधेच पळतात."

बाईंनी मान हलवली आणि वहीत लिहिलं: शाळा. तीन वर्षांत ह्या माणसाने त्यांना कधी चुकीचं सांगितलं नव्हतं. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

संध्याकाळी जेवताना त्याने बायकोला गोष्ट सांगितली, अर्धीच. बायको भाकरी टाकता टाकता थांबली.

"कुठली शाळा?"

"दादाच्या गल्लीतली."

"ती शाळा सहा वर्षांमागेच हलली. तिथे आता फर्निचरचं गोदाम आहे. वहिनींनी मला तेव्हाच सांगितलं होतं." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "रोज जाता तिकडून आणि शाळा आहे की गोदाम ते दिसलं नाही? म्हणजे रस्त्याकडे बघतच नव्हता तुम्ही."

त्याने पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

"उद्या त्या पोरीला चार कंपन्यांसमोर विचारतील," बायको म्हणाली. "ती सांगेल शाळा. ते म्हणतील, चला दाखवा. मग काय दाखवणार ती? गोदामातली कपाटं?"

"माझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित. तिची तर अब्रूच जाईल. बघा तुमचं तुम्ही." आणि तिने भाकरी त्याच्या पानात वाढली.

दुसऱ्या दिवशी अकराला बैठक होती. लांब टेबल, झाकणं ठेवलेले पाण्याचे पेले, आणि गळणाऱ्या एसीखाली ठेवलेली बादली. चार कंपन्यांची चार माणसं, मधे मोजणीच्या कचेरीचे मोठे साहेब, टोकाला बाई. चाळीसचं तिथे काही काम नव्हतं. तो बाहेर बाकावर बसला होता. दार अर्धवट उघडं होतं आणि आतलं बोलणं ऐकू येत होतं.

पिवळीचा माणूस बोलायला तयारीचा होता. "साहेब, ह्या गल्लीच्या तोंडाशी लालवाल्यांचा टॉवर आहे. आमचा सगळ्यात जवळचा टॉवर पाण्याच्या टाकीमागे. तिथे आमचा फोन लागत नाही, आम्ही मान्य करतो. पण एवढ्या मोठ्या शहरात तुमच्या गाडीला हीच गल्ली गोड का लागली? आणि आणखी एक. एक्केचाळिसातले चार दिवस गाडी तिकडे गेलीच नाही. ते चार दिवस कुठले? बाई स्वतः गाडीत होत्या ते. मग आम्ही काय समजायचं?"

आत कोणी खुर्ची सरकवली. साहेब म्हणाले, "बाई, ह्याचं उत्तर तुमच्याकडे असेल."

"आहे," बाई म्हणाल्या. वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "त्या गल्लीत एक—"

चाळीस आत गेला. कसा गेला ते त्याला पुढे कधी आठवलं नाही. टोपी हातात होती, एवढं आठवायचं.

"बाई, शाळा नाही तिथे. मी खोटं बोललो."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"हे कोण?" लालवाल्याने विचारलं.

"आमचे ड्रायव्हर," बाई म्हणाल्या. त्यांनी वही मिटली.

"तिथे माझा भाऊ राहतो," चाळीस म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळचा गॅलरीत बसतो."

"अहो, मग वर जाऊन भेटायचं," पिवळीचा माणूस म्हणाला. "गाडी कशाला रेंगाळवायची?"

"आम्ही बोलत नाही."

"किती दिवस?"

"बारा वर्षं."

"मग हळू कशासाठी जायचं?"

"दिसतो का बघायला."

एसीचं पाणी बादलीत पडत होतं. हिरवीचा माणूस सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. वयस्कर, पोट सुटलेला, समोरची बिस्किटं एकट्याने संपवत बसलेला. त्याने विचारलं, "मग? दिसला का?"

"एकवीस वेळा."

"बारा वर्षांत?"

"नाही साहेब. सदतीस फेऱ्यांत."

हिरवीच्या माणसाने हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं.

"म्हणजे," पिवळीचा माणूस म्हणाला, पण त्याचा आवाज आता तेवढा चढा नव्हता, "आमची कंपनी दुसरी आली ती तुमच्या घरगुती भानगडीमुळे."

"होय साहेब."

मोठ्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे बघा, ती एक गल्ली वगळू. बाकीचा हिशोब तसाच ठेवू. मिटलं."

"आमचा टॉवर तिथे आहे हा काय आमचा गुन्हा?" लालवाला म्हणाला. "का वगळायची?"

"वगळायची नाही," बाई म्हणाल्या. "निकाल बघून झाल्यावर गल्ली काढून टाकली, तर तीही हातचलाखीच. आज ही काढू, उद्या दुसरे म्हणतील ती काढू. सगळी मोजणी पुन्हा करायची. एक्केचाळीस दिवस, पहिल्यापासून."

साहेबांनी डोकं धरलं.

"आणि दोष मामांचा नाही, माझा आहे. तसं लिहून देते. मधल्या गल्ल्या मी माणसाच्या मर्जीवर सोडल्या. शिवाय सेकंदाला एक नोंद धरली. गाडी जिथे रेंगाळेल तिथल्या नोंदी आपोआप जास्त. आता शंभर मीटरला एकच नोंद. गाडी तिथे दोन सेकंद असो नाहीतर दोन तास."

चाळीसने खिशातून गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती बोटाने त्याच्याकडे परत सरकवली.

"ठेवू नका, मामा. दुसरा ड्रायव्हर आणला, तर त्याचा भाऊ कुठे राहतो ते मला कुठे ठाऊक आहे?"

हिरवीचा माणूस तेवढा हसला.

दुसरी फेरी सुरू झाली. आता मधल्या गल्ल्यांच्याही चिठ्ठ्या. शहरातल्या झाडून सगळ्या गल्ल्यांची नावं बाईंनी कागदाच्या बोटभर पट्ट्यांवर लिहिली आणि पत्र्याच्या डब्यात भरली. रोज सकाळी चाळीसने डोळे मिटून चिठ्ठ्या काढायच्या, ज्या येतील त्या गल्ल्या. बाई रोज मागे बसायला लागल्या. दोघं दिवसभर बरोबर. कधी भेळ, कधी केळी, गाडी बंद करून खायची, आणि बंद करण्याआधी यंत्राला सांगायचं. पुढे म्हातारपणी चाळीसला आयुष्यातले बरे दिवस कुठले असं कोणी विचारलं, की त्याला हेच एक्केचाळीस दिवस आठवायचे. मागे बाई एका सुरात आकडे वाचतायत, टपावरच्या पेटीत पंखा घरघरतोय, ऊन काचेतून मांडीवर आलंय, आणि काटा कुठेही हलत नाही.

अठरा दिवस ती गल्ली निघाली नाही. भावाची गॅलरी दिसली नाही. नोकरीच्या वेळेबाहेर तिकडून जायला त्याला कोणी मनाई केली नव्हती. पण गाडीचं निमित्त नसताना जायचं म्हणजे मुद्दाम जाणं झालं असतं, आणि ते त्याला जमेना.

एकोणिसाव्या दिवशी चिठ्ठी निघाली. त्याने वाचली आणि मागे दिली. बाईंनीही वाचली.

"बदलता येते का?" त्याने विचारलं.

"नाही."

"हळू?"

"नाही, मामा. बाकीच्या गल्ल्यांत जशी नेता तशी."

दुपारचे साडेचार वाजले होते. गाडी गल्लीत वळली. काटा तिसावर, जसा बाकीच्या गल्ल्यांत. तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी रिकामी होती. चाळीसला वाटलं, बरं झालं. मग त्याने खाली पाहिलं.

दादा फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभा होता. काठीवर दोन्ही हात. केस पार पांढरे. महिनाभर रोज एक पांढरी गाडी मुंगीच्या पावलाने जायची ती अचानक बंद झाली, तेव्हापासून तो रोज दुपारपासूनच तीन जिने उतरून फाटकाशी येऊन उभा राहत होता, हे चाळीसला नंतर कळलं. आत्ता एवढंच दिसलं, की गाडी बघून भावाने काठीवरचा एक हात सोडला आणि वर केला. हाक मारायला करतात तसा.

चाळीसचा पाय ब्रेककडे गेला. नुसता गेला, टेकला नाही. मागे बाईंचा आवाज चालू होता: लाल ठीक, पिवळी कट, हिरवी ठीक, निळी ठीक. त्या आवाजात काही फरक पडला नाही. काटा तिसावर होता. भाऊ खिडकीच्या बरोबरीला आला, हातभर अंतरावरून गेला, मागे पडला. आरशात त्याचा हात अजून वर होता. मग गल्ली संपली आणि मोठा रस्ता आला.

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली. मग बाई म्हणाल्या, "मामा, आज सहाला सुट्टी. सहा म्हणजे सहा. गाडी मी कचेरीत नेते."

"तुम्हाला चालवता येते?"

"तुमच्यासारखी नाही."

सव्वासहाला तो तीन जिने चढून गेला. दार वहिनीने उघडलं. बारा वर्षांनी दीर दारात बघून ती म्हणाली, "चपला बाहेर नका ठेवू, खालचं कुत्रं पळवतं." आणि आत जाऊन पाणी घेऊन आली.

दादा गॅलरीतल्या खुर्चीत होता. त्याने मान वळवली नाही.

"हात केला तर थांबला नाहीस."

"मोजणी चालू होती."

"रोजच चालू असते ना?"

"रोज असते. पण रोज मी चुकत होतो."

"म्हणजे आज बरोबर वागलास."

"हो."

"मग तोंड कशाला पाडलंयस? बस."

तो बसला. नजर भावाच्या पायाकडे गेली.

"त्याच्याकडे नको बघू, तो बरा आहे. बिघडलंय ते बाकीचं सगळं. साखर, दात, कान." दादाने काठी भिंतीला टेकवली. "धाकट्या, तेव्हा मी बोललो ते आठ माणसांसमोर. आता तुला एकट्याला काही म्हणून काय उपयोग? आणि ती आठ माणसं कुठून गोळा करू? तिघं तर गेले."

"पोरीच्या लग्नात बोला," वहिनी आतून म्हणाली. "तिथे ऐंशी असतील."

"फोन तरी करायचास," चाळीस म्हणाला.

"कुठून? ह्या घरात फोन लागत नाही. गच्चीवर जावं लागतं."

"कुठल्या कंपनीचं सिम?"

दादाने नाव सांगितलं. पिवळी.

"बदल ते."

"कुठलं घेऊ?"

"ते मला सांगता येत नाही. निकाल लागायचाय."

वहिनीला पाण्याचा ठसका लागला. "बारा वर्षांनी आले आणि एक कामाची गोष्ट विचारली, तर म्हणे सांगता येत नाही." दादा खांदे हलवून हसला, आवाज न करता, पूर्वी ट्रकमध्ये हसायचा तसा.

एक्केचाळीस दिवस पुरे झाले. निकाल लागला. लाल दुसऱ्या नंबरावर गेली, पिवळी तिसऱ्या, आणि पहिली आली हिरवी, जिने एकदाही तक्रार केली नव्हती. पिवळीच्या माणसाने आकडे दोनदा तपासले, घाम पुसला आणि सही केली. बाईंची सही वर्तमानपत्रात छापून आली. ते कात्रण चाळीसने वर्षानुवर्षं गाडीच्या खणात ठेवलं होतं. घडीवर फाटलं तेव्हा चिकटपट्टी लावली.

लग्नाच्या दिवशी दादाला आणायला चाळीस स्वतः गेला. दादा पुढच्या सीटवर बसला, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून. मांडवात उतरल्यावर जो भेटेल त्याला त्याने सांगितलं, "मला ह्याने आणलं. धाकट्याने. सबंध रस्ता काठी एकदाही हलली नाही." ऐंशी माणसांना सांगितलं. काहींना दोनदा. व्याह्यांना वाटलं, म्हातारा जरा विसराळू आहे. मुलगी मात्र प्रत्येक वेळी कान देऊन ऐकत होती.

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते चाळीसला सांगता यायचं नाही, कारण त्यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. दर रविवारी तो दादाला घेऊन शहराबाहेर एक फेरी मारून आणायचा. दादा म्हणायचा, "जरा दाब की, मागची सायकल पुढे गेली." हा म्हणायचा, "जाऊ दे." दोघंही पुढे बघत बसायचे. बोलणं फारसं नसायचं. ऊस दिसला तर थांबायचे, दादाला साखर चालत नसताना.

थोरला भाऊ मुलीच्या लग्नानंतर सात वर्षांनी गेला, नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, बुधवारी, सकाळी सव्वादहाला, आपल्या घरी. धाकटा शेजारी होता.